लिंक अप होती, उत्तरच परत येत नव्हतं : स्टॅटिक राउटचा माझा अनुभव

आमच्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय आणि शाखा लीज लाइनने (कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या कायमच्या जोडणीने) जोडायची ठरली. दोन्हीकडे सिस्कोचे राउटर (एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पॅकेट पाठवणारी यंत्रं) बसवले आणि मध्ये लाइन देणाऱ्या कंपनीचा राउटर होता. त्याला हात लावायची मुभा आम्हाला नव्हती.

माझ्याकडचं काम दोन ओळींचं : दोन्ही राउटरवर एकेक स्टॅटिक राउट, म्हणजे कुठल्या नेटवर्ककडे कुठून जायचं ते हाताने लिहून द्यायचं. मुख्य कार्यालयाचं लॅन (आतलं नेटवर्क) १९२.१६८.१०.०, शाखेचं १९२.१६८.२०.०. मुख्य कार्यालयात ‘आयपी राउट १९२.१६८.२०.० २५५.२५५.२५५.० १०.१.१.१’ टाकलं, म्हणजे शाखेचं नेटवर्क, मास्क (पत्त्यातला नेटवर्कचा भाग कुठला ते सांगणारा आकडा) आणि कंपनीच्या राउटरचा पत्ता. शाखेत तसंच उलट बाजूने. राउटची यादी दाखवणारं ‘शो आयपी राउट’ दिलं की दोन्हीकडे ‘एस’ (स्टॅटिक) अक्षराची ओळ दिसायची. तरीही शाखेतल्या काउंटरवर मुख्य सर्व्हर उघडेना.

कंपनीकडे तक्रार नोंदवली. त्यांनी पिंग करून, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते बघून, कळवलं, “सर, लिंक अप आहे. आमच्याकडून तुमचे दोन्ही राउटर पिंग होतात. तुमच्या लॅनमध्ये बघा.” आणि तक्रारीचं तिकीट बंद! पुन्हा उघडलं की फोनवर नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा, पुन्हा ‘राउटर रीस्टार्ट करून बघा’. इकडे खातेदार रांगेत उभे. त्या पिंगने काहीच सिद्ध होत नाही, हे ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. तो राग अजून गेलेला नाही.

आमच्या राउटरवरून कंपनीच्या राउटरला साधा पिंग केला, तर पॅकेटवर प्रेषक म्हणून बाहेरच्या पोर्टचा पत्ता जातो, आमच्या बाबतीत १०.१.१.२. तो पत्ता कंपनीच्या राउटरला माहीतच असतो, त्यामुळे उत्तर येतं. लॅनमधल्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१० ने सुरू होतो आणि त्याचा परतीचा रस्ता मधल्या राउटरला वेगळा सांगावा लागतो. म्हणून पिंग करताना सोर्स (प्रेषक) म्हणून लॅनच्या पोर्टचा पत्ता द्यायचा. मी दिला आणि पिंग तिथेच बंद पडला.

मुख्य कार्यालयातून ट्रेस (पॅकेट वाटेत कुठल्या राउटरवरून जातं ते बघणं) केला तर आमच्या राउटरपुढे नुसते तारे, म्हणजे उत्तरच नाही. कंपनीने त्यावरून ‘पॅकेट तुमच्याकडूनच निघत नाही’ असा निष्कर्ष काढला. पण ट्रेसची उत्तरंही त्याच परतीच्या रस्त्याने यायची असतात! शाखेतल्या संगणकावर वायरशार्क (ये-जा करणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावला. विनंती पोचत होती, उत्तर निघतही होतं. मग शाखेकडून ट्रेस केला. दुसऱ्या टप्प्यावर १०.१.२.१ दिसला आणि लगेच त्याच पत्त्याकडून ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’, म्हणजे इथून पुढे रस्ता नाही. तो पत्ता कंपनीच्या राउटरचा. त्यांनी शाखेच्या लॅनचा राउट टाकला होता, मुख्य कार्यालयाचा राहिला होता.

हे दोन्ही स्क्रीनशॉट पाठवले आणि हेल्पडेस्क सोडून थेट नेटवर्क इंजिनिअरशी बोलायचा हट्ट धरला. त्याने एक ओळ टाकली. फोन चालू असतानाच पिंगची उत्तरं यायला लागली. शाखेतले सगळे टेबलाभोवती जमले होते. फार बरं वाटलं.

तुमच्यावर ही वेळ आली तर विंडोजच्या फायरवॉलकडे आधी बघा. दुसऱ्या नेटवर्कमधून आलेला पिंग तो बऱ्याचदा अडवतो आणि कंपनीला तेवढंच निमित्त पुरतं. दूरच्या राउटरवर काम करताना आधी ‘रीलोड इन १०’ द्या. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी राउटर आपोआप रीस्टार्ट होऊन जुन्या सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर (सेटिंगवर) परत येतो. सगळं नीट झालं की ‘रीलोड कॅन्सल’, मगच ‘राइट मेमरी’ देऊन नवी कॉन्फिग सेव्ह करा.

आणि लाइन घेतानाच कंपनीकडून लेखी मागा, की त्यांच्या राउटरवर तुमच्या कोणकोणत्या लॅनचे राउट टाकलेत. आम्ही पुढच्या शाखेच्या वेळी ते कार्यादेशातच घातलं आणि त्या ओळी बघितल्याशिवाय जोडणी पूर्ण झाल्याची सही दिली नाही.