पाटी भाषा, महिना सातवा: ‘दुसऱ्या’तला ऱ्य

पाटी म्हणजे मी बनवत असलेली देवनागरीतली प्रोग्रॅमिंग भाषा. या महिन्यात तिच्या पार्सरला (ओळींची रचना समजून घेणाऱ्या भागाला) हात लागला नाही. तीन रविवार एका ऱ्यात गेले. तरी सगळं सविस्तर लिहितोय, कारण देवनागरीत भाषा करायला बसलेल्या प्रत्येकाला ही ठेच लागणारच.

माझी भाची नववीत आहे. पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांची क्षमता टीएमसीत मांडून बेरीज करायचा प्रोग्रॅम तिने पाटीत लिहिला. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या क्रमाने:

पहिल्या_धरणात = १.९७
दुसऱ्या_धरणात = १०.६५
तिसऱ्या_धरणात = १२.८२
चौथ्या_धरणात = ३.७१

एवढं तिने फोनवर लिहून मला पाठवलं. बेरजेची ओळ माझ्या लॅपटॉपवर टाइप केली आणि पाटी म्हणाली: ‘दुसऱ्या_धरणात’ हे नाव कुठेच ठरवलेलं नाही.

“मामा, वर लिहिलंय की! हे बघ ना.”

लिहिलं होतंच. डोळ्यांना दोन्ही शब्दांत काडीचा फरक दिसेना. मग दोन्हीचे कोडपॉइंट छापले, म्हणजे युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक. लॅपटॉपवरच्या ‘दुसऱ्या’त ७ निघाले, फोनवरच्यात ८. मी इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड वापरतो; त्यात शिफ्ट-जे दाबलं की थेट ऱ येतो, म्हणजे ०९३१. फोनच्या कीबोर्डने साधा र (०९३०), हलन्त (०९४डी) आणि पुढे न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे (२००डी), असं लिहिलं होतं. पडद्यावर दोन्हीकडे तोच आडव्या रफाराचा ऱ्य. लेक्सरसाठी (मजकुराचे शब्द सुटे करणाऱ्या भागासाठी) मात्र दोन वेगळी व्हेरिएबल.

आधी वाटलं, एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलं तर ते एकाच रूपात आणायची युनिकोडची पद्धत) लावलं की संपलं. तसं होत नाही. र आणि खालचा नुक्ता सुटे आले तर एनएफसी त्यांचा ऱ करतं, पण जोडकाला ते हात लावत नाही. युनिकोडच्या नावांच्या मूळ नियमात जोडक बसतच नाही. पायथॉन भाषेला तो नावात दिसला की सरळ सिंटॅक्स एरर येते. म्हणून मीही तो गाळून टाकला. दुसऱ्या रविवारी टेस्ट चालवल्या तेव्हा चूक कळली: जोडक काढला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. सह्याद्रीतल्या दऱ्या आणि समुद्र एकाच व्हेरिएबलमध्ये! मराठीत हा जोडक अर्थ बदलतो, त्यामुळे तो सरसकट फेकता येत नाही.

शेवटी लेक्सरमध्ये हा नियम बसवला. आधी एनएफसी. मग र, हलन्त, जोडक आणि पुढे य किंवा ह आला, तर त्या र-च्या जागी ऱ ठेवायचा आणि जोडक काढायचा. ह विसरू नका; मी विसरलो होतो आणि ‘कऱ्हाड’ने टेस्ट पाडली. बाकी ठिकाणी जोडक फक्त अक्षराचं रूप बदलतो, तिथे तो गाळला तरी चालतो. हे सगळं फक्त नावांना लागू आहे. अवतरणातला मजकूर माणसाने लिहिला तसाच राहतो, त्यात भाषेने ढवळाढवळ करू नये असं माझं ठाम मत आहे.

आता बेरीज २९.१५ येते, आणि नेमकी येते, कारण पाटीत दशांश बायनरी फ्लोटमध्ये, म्हणजे दोनाच्या पटीतल्या अंदाजे रूपात, ठेवत नाही. त्यावर पुढे कधीतरी.

याच शोधात आणखी एक दोष सापडला. चूक सांगताना चुकीच्या शब्दाखाली मी जो बाण दाखवायचो, तो कोडपॉइंट मोजून सरकवत होतो, त्यामुळे मात्रा-वेलांट्या असलेल्या ओळीत तो भलतीकडे जायचा. युनिकोड १५.१ पासून क्षसारखं जोडाक्षर एकच अक्षर धरलं जातं, पण टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) त्याची रुंदी फॉन्टवर ठरते. म्हणून बाणच काढला. आता चुकलेला शब्द अधोरेखित करतो: आधी एस्केप कोड (टर्मिनलला अक्षरांचं रूप बदलायला सांगणारी खूण) ४, शब्द संपल्यावर २४. काही मोजावंच लागत नाही. भाचीच्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम एक नाव चुकवून बघितलं, रेघ बरोबर ‘तिसऱ्या’खाली आली.