सकाळी सहाच्या आत

नागपूरला हुडकेश्वरच्या पुढे, जिथे शहर विरळ होत जाऊन शेते दिसू लागतात, तिथे आमचे घर आहे आणि घरामागच्या मोकळ्या जागेत २०१९ पासून मी कोंबड्या पाळते. कधी पंधरा, कधी तीस, याहून जास्त कधीच नाहीत. अंडी घरी पुरतात, उरली तर शेजारी जातात. कोंबड्या पाहून पुष्कळ लोक चौकशी करतात. कोणती जात चांगली, खाद्य कोणते घालता, मुंगसाचा बंदोबस्त कसा केला, हे सगळे विचारतात. पिल्ले जिथून आणायची त्या दुकानातल्या माणसाशी कसे वागावे, हे मात्र आजवर मला एकानेही विचारलेले नाही. पिल्ले जगणार की नाहीत याचा मोठा भाग त्या दुकानाच्या ओट्यावरच ठरतो, असे माझे सहा वर्षांच्या अनुभवानंतरचे ठाम मत आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी जाते ते दुकान मुळात पशुखाद्याचे आहे. समोर सरकी ढेपेची पोती, बाजूला तुरीची चुनी, मक्याचा भरडा, आत भिंतीला पिल्लांची पाण्याची भांडी टांगलेली. पिल्ले तिथे रोज मिळत नाहीत. आठवड्यातल्या एका ठरलेल्या दिवशी पहाटे गाडी येते आणि नोंदणी केलेल्यांनाच ती मिळतात. नवीन गिऱ्हाइकाचा पहिला वाद इथेच होतो. ‘दुकान उघडे आहे, पैसे रोख देतो, मग पिल्ले आज का नाहीत?’ असा आवाज मी त्या ओट्यासमोर कितीतरी वेळा ऐकला आहे. कोंबडीचे अंडे उबायला २१ दिवस लागतात, त्यातले पहिले १८ दिवस ते एका यंत्रात फिरते राहते आणि शेवटचे ३ दिवस दुसऱ्या यंत्रात स्थिर ठेवले जाते. उबवणी केंद्रे आठवड्यातल्या ठरावीक वारी अंडी भरतात, त्यामुळे पिल्लेही ठरावीक वारीच निघतात. आज तुम्हाला हव्या असलेल्या पिल्लाचे अंडे तीन आठवड्यांपूर्वी यंत्रात गेलेले असावे लागते. ओट्यामागे उभ्या असलेल्या मुलावर कितीही आवाज चढवला तरी हे गणित बदलत नाही. आपल्या नागपुरात शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथेही आधी नोंदणी करावी लागते. महिनाभर आधी जाऊन शांतपणे नाव, जात आणि संख्या सांगावी, आगाऊ रक्कम भरावी, आणि बेत बदलला तर लगेच फोन करून कळवावे. नोंदवून न येणाऱ्यांची पिल्ले दुपारपर्यंत खोक्यातच पडून राहतात आणि ती कोणाच्या तरी गळ्यात घालण्यासाठी त्या मुलाला दहा जणांना फोन करावे लागतात.

हे मी आज समजुतीने लिहीत असले तरी पहिल्या वर्षी मी स्वतः फार वाईट वागले होते. तो एप्रिल महिना होता. नोंदणी करतानाच दुकानातल्या मुलाने बजावले होते, ‘‘काकू, सकाळी सहाच्या आत येऊन जा. मग ऊन तापते, पिल्लं टिकत नाही. आणि रस्त्यात कुठं थांबू नका.’’ मी पोहोचले ते साडेअकराला. खोके स्कूटरवर पायांपाशी ठेवले, वाटेत सक्करदऱ्याच्या बाजारात थांबून भाजी घेतली आणि भाजीच्या दोन भरलेल्या पिशव्या खोक्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट दाबून बसवल्या, म्हणजे ते हलणार नाही. खोक्याच्या बाजूंना जी गोल भोके असतात ती हवेसाठी असतात, हा विचार मनात आलाच नाही. घरी खोके उघडले तेव्हा सहा पिल्ले माना टाकून पडली होती आणि बाकीची चोच उघडी ठेवून धापा टाकत होती. मी ते खोके तसेच उचलून उन्हातून परत दुकानात गेले आणि पाच-सहा गिऱ्हाइकांसमोर त्या मुलाला वाटेल ते बोलले. आजारी माल खपवता, म्हातारी बाई पाहून फसवता, असेही बोलले.

त्याने उलट एक शब्द काढला नाही. खोके ओढून सावलीत घेतले, झाकण काढले, एका पसरट ताटलीत पाणी आणि चिमूटभर गूळ घातला आणि जिवंत पिल्लांपैकी एकेकाची चोच अलगद त्या पाण्यात बुडवू लागला. पिल्लाला तळहातावर घेऊन अंगठा आणि पहिल्या बोटाने मान हलकेच पुढे करायची, चोचीचे टोक फक्त ओले करायचे, नाकपुड्या बुडू द्यायच्या नाहीत. पिल्लू मान वर करून घोट गिळते, मग त्याला खाली सोडायचे. ते काम त्याने एकोणीस वेळा केले. मी बोलायची थांबले होते. शेवटी त्याने एवढेच विचारले, ‘‘काकू, घरी दिवा लावून ठेवला ना?’’ पिल्लांना ऊब देणारा दिवा मी लावलेला नव्हता.

त्यातली सतरा जगली. मेलेल्या पिल्लांच्या बदल्यात त्याने मला काही दिले नाही आणि देणे बरोबरही नव्हते, कारण बदलून दिलेल्या प्रत्येक पिल्लाचा हिशेब त्याला संध्याकाळी मालकापुढे मांडावा लागतो, हे मला पुढे कळले. पुढच्या आठवड्यात मी जाऊन त्याची क्षमा मागितली, ती ज्यांच्यासमोर बोलले होते त्यांच्यासमोर मागायला हवी होती, पण ते लोक पुन्हा एकत्र भेटणार कुठून? ती खंत अजून आहे.

त्यानंतर मी ठरवून पहाटे जाऊ लागले आणि त्यामुळे त्या मुलाचे काम मला पाहता आले. गाडी साडेचार-पाचला येते. खोकी उतरवताना तो ती कधी तिरपी करत नाही, कारण खोक्यातले चार कप्पे पुठ्ठ्याचे असतात आणि तिरपे झाले की एका कप्प्यातली पंचवीसच्या पंचवीस पिल्ले एका कोपऱ्यात घरंगळून खालची चेंगरतात. उतरवलेल्या प्रत्येक खोक्याला तो आधी कान लावतो. पिल्ले सुखात असली तर आतून बारीक, एकसारखी किलबिल येते. थंडी किंवा गरमी लागली असली तर आवाज चढा आणि तुटक होतो, आणि पूर्ण शांतता असली तर ती सर्वांत वाईट. मग मोजणी. दोन्ही हातांनी मिळून पाच-पाच पिल्ले उचलून तो दुसऱ्या खोक्यात ठेवतो आणि मोजता मोजताच बेंबी सुकली आहे की नाही, पाय तुकतुकीत आहेत की कोरडे, डोळे उघडे आणि चमकदार आहेत की मिटलेले, हे बघून घेतो. एखादे संशयित वाटले तर त्याला उताणे ठेवतो. निरोगी पिल्लू क्षणात पालटून उभे राहते. ही सगळी तपासणी तो आपल्यासाठी करत असतो. अशा वेळी गिऱ्हाइकाने मध्येच खोक्यात हात घालून ‘हे नको, ते पिवळे द्या’ म्हणणे, किंवा फोटो काढण्यासाठी पिल्ले उचलून मुलांच्या हातात देणे म्हणजे त्याची मोजणीही मोडणे आणि पिल्लांचे हालही करणे. शंका असेल तर विचारावे. मी विचारले तेव्हा तेव्हा त्याने हातातले काम न थांबवता नीट उत्तर दिले आहे.

सर्वांत जास्त भांडणे होतात ती नर पिल्लांवरून. ‘पंधरा पिल्ले नेली, त्यातले आठ कोंबडेच निघाले, तुम्ही मुद्दाम नर दिले’ अशी तक्रार घेऊन लोक तीन महिन्यांनी येतात. एका दिवसाच्या पिल्लाचे लिंग बाहेरून पाहून सहसा सांगता येत नाही. पिल्लाचे गुदद्वार उलगडून आतल्या बारीक उंचवट्यावरून नर-मादी ओळखण्याची पद्धत जपानी संशोधकांनी गेल्या शतकात विकसित केली आणि ती शिकायला दीर्घ सराव लागतो. काही अंड्यांच्या जातींत पंखांच्या पिसांवरून किंवा रंगावरून ओळखता येते, पण गिरिराज, वनराज, कडकनाथ अशी परसातली पिल्ले आपल्याकडच्या दुकानांत सहसा न निवडताच येतात. न निवडलेल्या पिल्लांत सुमारे अर्धे नर असणारच. आठ कोंबडे निघाले यात फसवणूक नाही, तो निसर्गाचा हिशेब आहे. ज्याला दहा अंड्यावरच्या कोंबड्या हव्यात त्याने वीस-बावीस पिल्ले न्यावीत आणि नरांचे काय करायचे ते आधीच ठरवावे.

मागच्या हिवाळ्यात एक गृहस्थ आपल्या लहान मुलीला घेऊन आले होते. तिचा वाढदिवस होता आणि तिला दोन पिल्ले हवी होती. दुकानातला मुलगा म्हणाला, ‘‘दहाच्या खाली देत नाही, दादा.’’ गृहस्थ चिडले. दोन पिल्लांचे पैसे मिळत असताना नाही म्हणणारा तू कोण, असे म्हणाले. त्या मुलाने चिडण्याऐवजी मुलीकडे वळून सांगितले की या पिल्लांना आई नाही, ती रात्री एकमेकांना चिकटून झोपतात, दोघेच असले तर त्यांना थंडी वाजेल. मुलगी लगेच म्हणाली, ‘‘मग नको, बाबा.’’ आठवडी बाजारात गुलाबी-हिरव्या रंगांत बुडवलेली पिल्ले मुलांना खेळायला विकतात, ती बहुधा अंड्यांच्या जातींतली नको असलेली नर पिल्ले असतात आणि त्यांतली फार थोडी आठवडाभर जगतात. रंगीत खेळणे म्हणून पिल्लू विकायला नकार देणारा विक्रेता आपल्याला मिळाला असेल, तर त्याच्या नकाराचा मान राखायला हवा. त्या दिवशी त्या वडिलांनी शेवटी हात जोडून निरोप घेतला, हे पाहून मला फार बरे वाटले.

लसीच्या बाबतीतही याच मुलाने मला सर्वांत मोठी मदत केली. मानमोडी या कोंबड्यांच्या रोगावरची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब, गंबोरो या दुसऱ्या रोगावरची साधारण चौदाव्या दिवशी, असा क्रम असतो. पण लसीची लहान कुपीही सहसा शंभर पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की ती दोनेक तासांत संपवावी लागते. माझ्या पंचवीस पिल्लांसाठी शंभराची कुपी फोडणे जिवावर येई. त्याने त्याच गाडीची पिल्ले नेलेल्या आमच्या भागातल्या तीन घरांना विचारून, त्यांच्या संमतीने एकमेकांचे फोन क्रमांक दिले. तेव्हापासून आम्ही चौघे एकाच सकाळी कुपी उघडतो, बर्फ घातलेल्या थर्मासमधून ती घरोघर फिरते. दुकानाचा यात काही फायदा नाही, उलट तीन कुप्या कमी खपतात.

मार्च २०२४ मध्ये नागपुरात बर्ड फ्लू आढळला तेव्हा सगळा रोष अशाच माणसांवर निघाला. पिल्ले तुमच्याकडून नेली, आता जबाबदारी तुमची, असे फोन त्याला दिवसभर येत होते. तो प्रत्येकाला सांगत होता की पक्षी अचानक मरू लागले तर हात लावू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा, आणि मेलेले पक्षी घेऊन दुकानात येऊ नका. हा शेवटचा मुद्दा एरवीही लागू आहे. आपल्या खुराड्यात आजार असेल तर त्याच चपला घालून पिल्लांच्या खोक्यांपाशी जाणे हा उद्धटपणाच आहे, मग तोंडाने कितीही गोड बोला. आजारी पक्षी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्यावा. ढेप विकणाऱ्या मुलाकडून निदानाची अपेक्षा करू नये.

आणि घरची तयारी. तो आजही खोके हातात देण्यापूर्वी ‘दिवा लावला का?’ असे विचारतो, आणि या प्रश्नाला खरे उत्तर देता येणे ही मी त्याच्याशी वागण्यातली पहिली सभ्यता मानते. पिल्ले आणायच्या आदल्या रात्रीच तांदळाच्या तुसावर वर्तमानपत्र पसरून, भोवती पत्र्याचे गोल कडे उभे करावे; कोपरा ठेवू नये, कारण पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. दिवे जुन्या पद्धतीचे, तारेचे हवेत, एलईडीची ऊब पिल्लांना पुरत नाही. मी साठ वॅटचे दोन लावते, म्हणजे एक गेला तरी रात्र निभते. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायची. तापमापक नसला तरी पिल्लेच सांगतात: दिव्याखाली गठ्ठा झाला तर थंडी आहे, चोच उघडून कडेला पळाली तर उष्णता जास्त आहे, सगळीकडे पसरून खात-पीत असली तर बरोबर आहे. अंड्यातून निघताना पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस तग धरते म्हणूनच त्याला इतक्या दुरून गाडीने आणता येते. पण दुकानात येईपर्यंत त्यातला बराच वेळ खर्च झालेला असतो, आणि उरलेला आपण भाजी घेण्यात घालवायचा नसतो.

या वेळची माझी नोंदणी पंचवीस गिरिराजांची आहे. काल त्याचा फोन आला होता, ‘‘काकू, गाडी गुरुवारी. सहाच्या आत.’’ मी पावणेपाचलाच येते म्हणाले, खोकी उतरवायला दोन हात जास्त होतील. तुसाचे पोते आणून ठेवले आहे आणि दोन्ही दिवे आज संध्याकाळी लावून पाहिले. एक लुकलुकत होता, तो उद्या बदलते.