अण्णांचं गिळणं

अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा आम्हा सगळ्यांचं लक्ष हातापायाकडे होतं. गिळण्याचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पुण्यातल्या त्या हॉस्पिटलात मात्र पहिल्याच दिवशी खाटेवर पाटी लागली, 'तोंडाने काहीही देऊ नये', आणि नाकातून पोटात राईल्स ट्यूब, म्हणजे अन्न द्यायची नळी, गेली.

स्पीच थेरपिस्ट आल्या. मला वाटलं, बोलणं शिकवायला. त्यांनी अण्णांना ताठ बसवलं, चमचाभर पाणी दिलं, कंठमण्यावर बोटं ठेवून तो वर सरकतो का ते पाहिलं आणि 'आ' म्हणायला लावलं. आवाज ओला, घरघरता आला. ठसका मात्र नाही. "तेच वाईट," त्या म्हणाल्या. घशाची जाणीवच कमी झालेली, त्यामुळे घोट श्वासनलिकेत उतरला तरी खोकला येत नाही. तोंडातले जंतू त्याच्यासोबत फुफ्फुसात जातात आणि न्यूमोनिया होतो.

नळी घातली म्हणजे सुटलो, असंही नाही. पोटातलं वर येतं, लाळ तर उतरतच असते. म्हणून खाटेची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवायची, फीडनंतरही निदान अर्धा तास. अण्णा सारखे खाली घसरायचे; सिस्टर आणि मावशी चादरीसकट त्यांना वर ओढायच्या. तोंडाने जेवत नाहीत तर दात कशाला घासायचे, असं बऱ्याच नातेवाइकांना वाटतं. उलट तेव्हाच तोंड जास्त घाण होतं. मऊ ब्रश, शेजारी लाळ-पाणी ओढून घेणारं सक्शन, रात्री कवळी बाहेर.

खरी झुंज भेटायला येणाऱ्यांशी. सदाशिव पेठेतून आत्या चहाचा थर्मास घेऊन हजर! "अगं, घोटभर तरी दे, ओठ बघ कसे सुकलेत त्याचे." ओठांना ओला गॉज लावला आणि थर्मास आम्हीच संपवला.

पुढे तोंडाने सुरू झालं तेही दाट पदार्थांपासून. पातळ पाणी घशात धावतं, श्वासनलिका झाकली जायच्या आत पोचतं. म्हणून पाण्यात ते दाट करणारं थिकनर. अण्णा त्याला 'खळ' म्हणायचे आणि तोंड फिरवायचे. नाचणीचं दाट सत्त्व मात्र चालायचं. अर्धा चमचा, हनुवटी खाली, घास उतरल्यावरच पुढचा. शेवटी लुळ्या बाजूच्या गालात काही साठलंय का, ते बघायचं.

घरीही हेच चालू आहे. जेवणानंतर आवाज ओला वाटला, ताप आला किंवा धाप लागली, तर तोंडाने देणं थांबवून लगेच डॉक्टरांना फोन. चहाचं पुढच्या तपासणीनंतर बघू.