मामाचं प्रोटीन

नवतप्यात मोमीनपुऱ्यातून बकरीचा भेजा आणि मागच्या पायातली जाड पांढरी नस, म्हणजे मज्जातंतूंची जुडी, आणली. थर्माकोलचा डबा घेऊन लॅबला पोचेस्तोवर अर्धा बर्फ वितळला होता.

भेजा लोण्यासारखा वाटला गेला. नस मात्र चिवट, कात्रीनं तासभर बारीक करावी लागली. मग दाट साखरेच्या पाण्यावर पातळ थर चढवून सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवलं. दोन थरांच्या मध्ये सायीसारखं पांढरं कडं तरंगतं, ते मायलिन, म्हणजे मज्जातंतूंभोवती वेटोळे घालणारं आवरण. कोरड्या वजनात त्याचा जवळजवळ पाऊण भाग स्निग्ध, म्हणून ते तळाला बसत नाही. उरलेल्या पाव भागातल्या प्रोटीनांसाठी माझा सगळा खटाटोप.

प्रोटीनं आकारानुसार वेगळी करून निळ्या रंगात पट्टे दाखवणारं पहिलं जेल बिघडलं. भेज्याच्या रांगेत मुख्य पट्टाच नाही, वर तोंडाशी निळा डाग. सवयीनं मी नमुना उकळला होता. मेंदूतल्या मायलिनचं मोठं प्रोटीन, पीएलपी, इतकं तेलकट की उकळलं की त्याच्या गाठी होतात आणि ते जेलमध्ये शिरतच नाही. दोन दिवस गेले, फार वाईट वाटलं. दुसऱ्यांदा 37 अंशांवर अर्धा तास ठेवलं आणि 25 किलोडाल्टनच्या (प्रोटीनच्या वजनाचं माप) आसपास पट्टा ठसठशीत उमटला. शेजारी नसेच्या रांगेत तो नाहीच, तिथे 30च्या जरा खाली पी-झीरो या दुसऱ्या प्रोटीनचा जाड पट्टा. मायलिनच्या वेटोळ्यांचे थर एकमेकांना धरून ठेवायचं काम मेंदूत एकाचं, पायात दुसऱ्याचं! वाचलं होतं कितीदा, पण स्वतःच्या जेलवर बघताना अंगावर काटा आला.

माझ्या मामाला शार्को-मारी-टूथ हा नसांचा आनुवंशिक आजार आहे, 1ए प्रकारचा. पोटऱ्या वाळल्यात, चालताना चप्पल निसटते. पीएमपी-22 नावाच्या प्रोटीनचं जनुक 17व्या गुणसूत्रावर असतं. दोन प्रतींऐवजी मामाकडे त्याच्या तीन आहेत, एवढंच. नसेच्या मायलिनमधल्या एकूण प्रोटीनांत हे शेकडा दोन ते पाच. इतक्याशा गोष्टीचं प्रमाण दीडपट झालं की सगळं आवरण बिघडतं, हे मला अजून पचत नाही.

रविवारी जेलचा फोटो छापून नेला. मामा चष्मा लावून बराच वेळ बघत बसला.

"काऊन गं, यात माझं कोणतं?"

"ते या रंगात वेगळं उठून नाही दिसलं, मामा. अँटीबॉडी लावून शोधावं लागेल. असेल ते इथे कुठेतरी," मी पी-झीरोच्या खाली बोट ठेवलं.

त्यानं खिशातला पेन काढून माझ्या हातात दिला. "खूण करून ठेव."