धान्यातल्या गोळ्या आणि एक वाढीव अट

परस्परसंमतीच्या घटस्फोटाची फाइल होती. नवरा माझा अशील, अमळनेर तालुक्यातला शेतकरी. बायको माहेरी, जळगावला. सहा वर्षांची मुलगी तिच्याजवळ. पोटगी, दागिने सगळं मिटलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी वडिलांकडे राहील, एवढीच अट टाइप व्हायची होती.

तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला. म्हातारी मोठ्याने बोलत होती, मलाही ऐकू येत होतं. दादर ज्वारी, गहू कोठ्यांत भरला, गोळ्या टाकल्या, आता नातीचं अंथरूण त्याच खोलीत घालते.

मी त्याला फोन ठेवूच दिला नाही. या गोळ्या म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. ओलावा लागला की त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो आणि त्यावर उतारा नाही. बंद खोलीत कोठीशेजारी झोपलेली लेकरं यानं दगावली आहेत. विक्रीवर निर्बंध आहेत, तरी गोळ्या घरोघर पोहोचतातच. मी म्हटलं, आईला सांगा, दारं-खिडक्या उघडून बाहेर पडा, आज तिथे कुणीच झोपायचं नाही, तुम्हीसुद्धा.

म्हातारीनं ऐकलं. पण लगेच सुनेबद्दल विचारलं, "तिले सांगं ते ती पोरले येऊ दी का मंग?"

तोच प्रश्न त्याच्याही चेहऱ्यावर होता. "ताई, खोली तर बदलतोच आहे. मग तिकडे कशाला कळवायचं?"

अशिलाची गोष्ट त्याच्या संमतीशिवाय मी फोडू शकत नाही. त्याचं मन वळवणं एवढंच माझ्या हातात होतं. मी विचारलं, पोरगी परत गेल्यावर तिला उलट्या झाल्या, तर तिची आई डॉक्टरला काय सांगेल? तिला गोळ्यांचं माहीतच नसेल ना?

बराच वेळ तो गप्प होता. मग उठून व्हरांड्यात थांबलेल्या बायकोकडे गेला आणि तिला त्यानं स्वतः सांगितलं. तिचा चेहरा उतरला. तिचे वकील पुढे सरसावले, पण तिनेच त्यांना थांबवलं. म्हणाली, "आमच्याही गच्चीला कठडा नाही. उकाड्यानं आम्ही सगळे वरच झोपतो. हे मीही तुम्हाला बोलले नव्हते."

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम १३ नुसार मुलाचं हित सर्वात आधी. पण वेगळं राहणाऱ्या आईबापांनी घरातला धोका एकमेकांना कळवावा, असं कलम मला कुठे सापडत नाही. म्हणून ते आम्ही कन्सेंट टर्म्समध्येच, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींतच, घातलं: मुलगी येण्याआधी घरातला धोका व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायचा, मुलगी आजारी पडली किंवा पडली-झडली तर त्याच दिवशी. दुसरं वाक्य मी हट्टानं घातलं: कळवलं म्हणून भेट बंद करता येणार नाही, आधी धोका दूर करायला वेळ द्यायचा. कळवणाऱ्यालाच शिक्षा होणार असेल तर तोंड कोण उघडेल?

समोरचे वकील म्हणाले, मॅडम, उद्याच्या भांडणाला तुम्ही आजच कागद पुरवताय. मला ते पटलं नाही. भांडण होईल तेव्हा होईल; तोवर त्या पोरीनं सुरक्षित जागी झोपायला हवं. मुलं असलेल्या प्रत्येक फाइलमध्ये मी आता ही अट घालते. काही अशील अजूनही खोडायला सांगतात, मग मी त्यांना पुन्हा बसवून घेते.