ठरावातले पाच

कार्तिकातल्या काकड्याचे दिवस होते. आमच्या पेठेतल्या विठ्ठल मंदिराचा अँप्लिफायर दोघांनी धरून माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आणला, तेव्हा त्याच्यासोबत विश्वस्तांच्या सभेचे इतिवृत्तही आले. यंत्राबरोबर कधी तुटलेली वायर येते, कधी आधीच्या दुरुस्तीचे बिल येते. इतिवृत्त मात्र कधी आले नव्हते. त्यात चिटणिसांच्या वळणदार अक्षरात ठराव लिहिलेला होता की, पहाटेच्या काकड्याच्या वेळी ध्वनिवर्धकाचा आवाज पाच या आकड्याच्या वर नेऊ नये. हा ठराव मागच्या वर्षी झाला होता आणि तेव्हापासून तो अक्षरशः पाळला जात होता. तक्रार अशी होती की यंदा त्याच पाचवर समोरच्या वाड्यातल्या खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या.

त्या वाड्यात राहणारे अण्णा, मंदिराचे चिटणीस आणि पहाटे यंत्र लावणारे गुरव असे तिघेही यंत्रामागोमाग दुकानात आले. अण्णांचे म्हणणे होते की गुरव आवाज वाढवतात आणि कोणी जाब विचारायला आले की बटण हळूच मागे घेतात. गुरव विठ्ठलाची शपथ घ्यायला तयार होते. अण्णा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांनी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची प्रतही बरोबर आणली होती आणि निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल एवढीच मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते पहाटे ६, हे त्यांनी मला वाचून दाखवले. त्यावर चिटणीस शांतपणे म्हणाले, "अहो अण्णा, मर्यादा ४५ ची आहे आणि आम्ही तर पाचवरच आहोत!" हे ते विनोदाने बोलले नव्हते. (शिखराजवळचा कर्णा ट्रस्टने आधीच उतरवला होता आणि आता सभामंडपात दोन पेटीवजा स्पीकरच उरले होते, ते नियमातल्या बंदिस्त जागेच्या सवलतीत बसतात की नाही, या वादात मी त्या दिवशी शिरलो नाही आणि इथेही शिरत नाही.)

सगळ्यात आधी मी बटणच तपासले. आवाजाच्या पॉटचा, म्हणजे बटणाखालच्या, फिरवला की रोध बदलणाऱ्या भागाचा, दांडा साधारण ३०० अंशांत फिरतो आणि त्यावर वरून बसवलेले प्लॅस्टिकचे बटण स्क्रूने कसायचे असेल, तर ते कोणत्याही कोनात कसता येते. म्हणजे बटणावरची पांढरी रेघ पाच दाखवत असताना आतला दांडा आठवर असू शकतो. अण्णांना असेच काहीतरी निघेल अशी आशा होती. पण दांडा पूर्ण डावीकडे नेला की रेघ बरोबर शून्यावर येत होती आणि पूर्ण उजवीकडे नेला की दहावर. गुरव खरे बोलत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार चालला होता, एवढे तिथेच नक्की झाले.

मग झाकण उघडले. दसऱ्याच्या सुमारास बटण फिरवताना खरखर येते म्हणून यंत्र दुसऱ्या एका दुकानात गेले होते, असे गुरवांनी सांगितले. तिथल्या कारागिराने मास्टरचा, म्हणजे एकूण आवाजाच्या बटणाचा, पॉट बदलला होता आणि काढलेला जुना पॉट एका छोट्या पिशवीत घालून प्रामाणिकपणे यंत्रातच ठेवून दिला होता. त्याच्या या सवयीचे मला मनापासून कौतुक वाटले, कारण ती पिशवी नसती तर पुढचे सगळे मला केवळ तोंडी समजावून सांगावे लागले असते. दोन्ही पॉटवर १०० के (किलोओहम, रोधाचे माप) असे छापलेले होते. फरक फक्त एका अक्षराचा होता. जुन्यावर ए होते, नव्यावर बी.

मी मल्टिमीटर काढला आणि तिघांना टेबलाजवळ बोलावले. नवा पॉट बरोबर मध्यावर आणून त्याच्या डाव्या टोकापासून मधल्या पायापर्यंतचा रोध मोजला, तर मीटरने ५० के दाखवले, म्हणजे एकूण रोधाच्या बरोबर निम्मा. जुना पॉट तसाच मध्यावर आणून मोजला, तर तिथे जेमतेम १० के निघाला. चिटणीस म्हणाले, "म्हणजे जुनाच बिघडलेला होता म्हणायचा." त्यांचा तर्क चुकीचा होता, तरी त्यात त्यांचा दोष नव्हता, कारण अर्ध्या वाटेवर निम्मेच यायला हवे असे कोणालाही वाटेल. आपला कान मात्र त्या हिशेबाने ऐकत नाही. ऐकणाऱ्याला आवाज साधारण दुप्पट वाटायला हवा असेल, तर यंत्राची शक्ती दहापट करावी लागते, तो चौपट वाटायला हवा असेल तर शंभरपट. म्हणून आवाजाच्या पॉटमधला कार्बनचा पट्टा मुद्दाम असमान बनवतात. पहिल्या अर्ध्या फेऱ्यात रोध अगदी सावकाश वाढतो आणि उरलेला सगळा दुसऱ्या अर्ध्यात येतो, त्यामुळे हात समान फिरला की कानालाही वाढ समान वाटते. असा पॉट तो लॉग आणि सरळ वाढणारा तो लिनिअर. गंमत म्हणजे स्वस्तातल्या लॉग पॉटमध्येही खरा लॉगचा वक्र नसतोच, वेगवेगळ्या रोधाचे दोन सरळ पट्टे एकमेकांना जोडून काम भागवलेले असते आणि कानाला ते चालते.

आता ठरावातले पाच पाहा. मंदिराचे यंत्र १०० वॅटचे आहे. जुन्या पॉटवर पाचला दहावा हिस्सा व्होल्टेज पुढे जात होते आणि शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते, त्यामुळे दहावर जिथे पूर्ण १०० वॅट मिळतील, तिथे पाचवर १ वॅट मिळत होता. नव्या पॉटवर त्याच पाचला निम्मे व्होल्टेज जात होते, म्हणजे २५ वॅट. आकडा तोच, ठराव तोच, गुरवांचा हात तोच, आणि स्पीकरकडे जाणारी शक्ती पंचवीसपट. हे ऐकल्यावर अण्णांनी गुरवांकडे पाहिले आणि त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. जुन्या पाचएवढा आवाज नव्या पॉटवर कुठे सापडेल, असे त्यांनी विचारले. एकवर. शून्य आणि एक यांच्या मधल्या बोटभर जागेत पूर्वीचे पाच आकडे दाटीवाटीने बसले होते आणि एक ते दहा या लांबलचक प्रवासात फक्त वरचा, कोणाला न लागणारा आवाज पसरलेला होता.

आधीच्या कारागिराला फार बोल लावावा असे मला वाटत नाही. या व्यवसायात अक्षरांचा घोळ जुनाच आहे. जपानी पद्धतीच्या पॉटवर ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनिअर असते, तर काही युरोपीय उत्पादकांकडे ए हेच अक्षर लिनिअरसाठी असते.

लांब दांड्याचा ए जातीचा पॉट माझ्याकडे शिल्लक नव्हता आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काकडा होता. अशा वेळचा तोडगा म्हणजे लिनिअर पॉटचा मधला पाय आणि जमिनीचा (ग्राउंडला जोडलेला) पाय यांच्यामध्ये एक रोधक जोडायचा. मागच्या टप्प्याला एवढा भार झेपेल याची खात्री करून मी ६.८ के चा रोधक सोल्डर केला, त्यामुळे पाचवर पुन्हा साधारण १ वॅटच मिळू लागला. हा वक्र काही सुबक नसतो. शून्याकडून एककडे जाताना उडी राहतेच आणि नऊच्या पुढे तर आवाज एकदम अंगावर येतो. पण पाचच्या आसपास तो सज्जनासारखा वागतो आणि ठरावाला तेवढेच हवे होते.

सोल्डर निवेपर्यंत चिटणिसांनी मूळ प्रश्न विचारला, की मग या आकड्यांना अर्थ तरी काय? मी म्हणालो, त्याच यंत्रापुरता आणि त्याच पॉटपुरता. शून्य ते दहा हे आकडे कशाचेच माप नाहीत. जिथे खरे माप लिहितात तिथे लोक आणखी गोंधळतात. घरच्या मोठ्या रिसीव्हरच्या पडद्यावर उणे ४० डेसिबल दिसते आणि आवाज वाढवला की उणे ३० होते, तेव्हा आकडा घटला की वाढला यावरून घरात दोन तट पडतात. ध्वनिमुद्रणाच्या मिक्सरवर शून्य वरून थोडे खाली असते, त्याच्याही वर अधिक १० असते आणि तळाशी चक्क उणे अनंत छापलेले असते. बीबीसीच्या जुन्या मिक्सर-टेबलांवर तर फेडर, म्हणजे आवाजाची सरकती कळ, स्वतःकडे ओढला की आवाज वाढत असे, इतर ठिकाणांच्या नेमके उलटे. अँड्रॉइड फोनवर गाण्याच्या आवाजाला मुळात १५ पायऱ्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे रात्री एक पायरी कमी पडते आणि पुढची जास्त होते. हे ऐकून गुरव म्हणाले की त्यांच्या फोनचे अगदी असेच होते.

संध्याकाळी यंत्र सभामंडपात जोडले. अण्णा आपल्या ओसरीवर खिडक्या उघड्या टाकून बसले, गुरवांनी बटण पाचवर आणले आणि भजनी मंडळाने एक अभंग म्हटला. ओसरीवरून हात वर झाला. नाराज झाले ते पखवाजवाले नाना. स्पीकरमधून त्यांच्या पखवाजाची कणीक लावलेली डावी बाजू येतच नव्हती, नुसती टिपरी वाजल्यासारखी वाटत होती. यात पॉटचा काही दोष नव्हता. आवाज कमी केला की आपल्या कानाला खर्ज जास्त प्रमाणात कमी ऐकू येतो, हे बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून मांडले आणि पूर्वीच्या घरगुती अँप्लिफायरांवर लाउडनेस नावाची कळ असायची ती याचसाठी. मंदिराच्या यंत्राला ती नसल्यामुळे मी बासचे बटण थोडे वाढवून दिले आणि नानांनी मान डोलावली.

मी सामान आवरत होतो, तेवढ्यात अण्णा ओसरीवरून उतरून यंत्रापाशी आले आणि चष्मा वर करून त्यांनी समोरची पट्टी वाचायला सुरुवात केली. माइक एक, माइक दोन, बास, ट्रेबल, मास्टर. मग ते चिटणिसांना म्हणाले, "ठरावात नुसते 'आवाज पाच' असे लिहिले आहे. पण इथे तर पाच बटणे आहेत. माइकचे बटण दहावर नेले तर मास्टर पाचवर ठेवून उपयोग काय?" त्यांचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बिनतोड होता, आणि चिटणिसांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले त्यावरून त्यांनाही तो पटला असावा. ए जातीचा पॉट आठवड्याने आला आणि मी तो बसवून रोधक काढून टाकला. सुधारित ठरावात आता पाचही बटणांचे आकडे आहेत, खाली अण्णांच्या आग्रहावरून पॉटची जातही नोंदवली आहे, आणि बासच्या आकड्यावर नानांनी आपला विरोध नोंदवून घेतला आहे.