चार वर्षं पडून राहिलेलं कॉपर

रविवार, रात्री उशिरा

आज माइनक्राफ्ट या ब्लॉक रचून खेळायच्या व्हिडिओ गेममधल्या आमच्या जुन्या वर्ल्डमध्ये कॉपर गोलेम, म्हणजे तांब्याचा छोटा यंत्रमानव, बनवला. कॉपरचा ब्लॉक ठेवला, त्यावर कोरलेला भोपळा ठेवला, की झालं. बुटकंसं ते पोर चालायला लागलं आणि खालच्या ब्लॉकची कॉपर चेस्ट, म्हणजे पेटी, झाली. तिच्यात मी सगळा पसारा ओतला : कोबलस्टोन, गहू, हाडं, दोरे. गोलेम त्यातलं काहीतरी उचलतो, लाकडी चेस्टपाशी जातो, झाकण उघडून आत बघतो, ती रिकामी नसेल आणि तिथे तीच वस्तूही नसली की पुढच्या चेस्टकडे वळतो. मी कितीतरी वेळ नुसती बघत उभी राहिले.

धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, हे तर आपण हॉपरने आधीपासून करतोय. मग यात नवीन काय?"

(हॉपर म्हणजे सामान आपोआप पुढच्या चेस्टमध्ये ढकलणारं नरसाळं.) प्रत्येक अपडेटला, म्हणजे खेळाच्या नव्या आवृत्तीला, तो हेच विचारतो. नवा प्राणी आला, नवं फूल आलं, पण खेळायला काय आलं? आज त्याला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहून बघते.

हॉपर येण्याआधीचे दिवस मला आठवतात. २०१३ साली १.५ आवृत्तीमध्ये तो आला आणि आमचं अख्खं घर बदललं. पाच लोखंडी इंगॉट (विटा) आणि एक चेस्ट एवढ्यात तो बनतो, पण भट्टी, चेस्ट, मिनकार्ट, शेत, जे जे आधीपासून होतं त्या सगळ्याला तो जोडता येत होता. मी अपडेटला हाच निकष लावते. नवी वस्तू जुन्या वस्तूंच्या कामी आली, की तो खेळ झाला. एकटीच राहिली, तर एकदा बघून होते आणि संपते.

स्निफर या प्राण्याच्या बाबतीत तेच झालं. २०२३ मध्ये तो आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. कोमट समुद्राच्या तळाशी पडक्या अवशेषांत ब्रशने वाळू झाडत बसले, अंडं मिळालं, ते उबवलं. एवढा मोठा, शांत प्राणी. त्याने बिया हुंगून काढल्या, मी फुलं लावली. आणि तिथेच गोष्ट थांबली. त्या फुलांनी आमच्या वर्ल्डमधलं दुसरं काहीच हललं नाही. स्निफर अजून कुंपणात आहे, मी जाता-येता बघते. त्याच अपडेटमधलं चेरीचं गुलाबी लाकूड मात्र भावाच्या प्रत्येक बांधकामात आहे. म्हणजे 'नुसती शोभा' म्हणून कशालाही मोडीत काढता येत नाही. बांधणाऱ्याला रंग हेच अवजार असतं.

क्राफ्टरचं, म्हणजे आपोआप वस्तू बनवणाऱ्या ब्लॉकचं, वेगळं. २०२४ मध्ये १.२१ सोबत आला आणि त्याने मला अख्खा आठवडा झोपू दिलं नाही. आयर्न फार्ममधून (आपोआप लोखंड मिळण्याची मांडणी) येणाऱ्या नऊ-नऊ इंगॉटचे आपोआप ब्लॉक करायचे होते. हॉपरखाली क्राफ्टर लावला, त्याला रेडस्टोनचं (खेळातली वीज वाहून नेणारी भुकटी) घड्याळ, म्हणजे ठरावीक वेळाने ठोका देणारी जोडणी, लावली. सकाळी चेस्ट उघडली तर ब्लॉक एकही नाही, नुसते नगेट (लोखंडाचे बारीक तुकडे) आणि प्रेशर प्लेट (पाय पडला की सिग्नल देणारी फळी)! घड्याळाचा ठोका लवकर पडत होता. एकच इंगॉट आत असताना ठोका पडला की नगेट, शेजारी-शेजारी दोन असताना पडला की प्रेशर प्लेट. मग कंपॅरेटर हा मोजणारा भाग लावला. क्राफ्टरच्या भरलेल्या खणांइतकी त्याची सिग्नलची ताकद असते, म्हणून नऊ झाल्याशिवाय ठोकाच जाणार नाही अशी जोडणी केली. पहिला लोखंडी ब्लॉक बाहेर पडला तेव्हा मी भावाला झोपेतून उठवलं होतं. कंपॅरेटर २०१३ चा, क्राफ्टर २०२४ चा. अकरा वर्षांचं अंतर, आणि एकमेकांसाठीच केल्यासारखे.

सगळ्यात खोलवर लागलेलं अपडेट मात्र १.१८. हिऱ्यांसाठी अकराव्या लेव्हलला खणलेली आमची जुनी खाण होती. तिच्या थोडं खाली बेडरॉक, म्हणजे जगाचा शेवट, हे इतकी वर्षं गृहीतच धरलेलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथून सरळ खाली खणत गेले. बेडरॉक आलाच नाही. काळसर डीपस्लेट दगड लागला, कुदळ जड चालायला लागली, आणि थोड्या वेळाने पायाखालचा ब्लॉक फुटला तो थेट पोकळीत. टॉर्च लावली तरी पलीकडची भिंत दिसेना. जगाचा तळ उणे ६४ वर गेला होता. माझ्याच घराखाली, इतक्या वर्षांच्या ओळखीच्या जागेखाली, ती गुहा आली होती. एकही नवा प्राणी न देता एखादं अपडेट एवढं देऊ शकतं, हे मला त्या रात्री कळलं.

उलटंही होतं. एलिट्रा हे पंख आल्यावर उडण्याची मजा मिळाली, पण घोडे तबेल्यातच राहिले आणि मी बांधलेला लांबलचक रस्ता कुणी वापरत नाही. त्याची मला अजून हळहळ वाटते.

आणि कॉपर. २०२१ मध्ये ते आलं तेव्हा त्याचा उपयोग काय, तर वीजरोधक रॉड, दुर्बीण आणि हिरवट पडत जाणारी छपरं. मी चेस्टच्या चेस्ट भरून ठेवल्या आणि विसरले. पुढे ब्रश आला, बल्ब आले, आणि २०२५ मध्ये अवजारं, चिलखत, चेस्ट, गोलेम. भावाला हेच सांगायला हवं होतं. हॉपरची सॉर्टिंग मला जमते, त्याला कधीच जमली नाही. आज त्याने स्वतः चेस्टांची रांग मांडली, रेडस्टोनचा एक कणही न वापरता, आणि सामान जागेवर गेलं.

गोलेमवर हळूहळू गंज चढतो आणि शेवटी त्याचा पुतळा होतो. मेण लावलं तर तसं होत नाही. मेणाला हनीकोंब (पोळ्याचा तुकडा) लागतं, म्हणजे मधमाश्या. २०१९ मध्ये त्या आल्या तेव्हा मी दोन दिवस कौतुक करून सोडून दिल्या होत्या. टेकडीपलीकडे फुलांच्या माळावर एक पोळं आहे, बहुतेक अजून असेल. उद्या कात्री घेऊन जायचं. पोळ्याखाली कॅम्पफायर पेटवायची, म्हणजे धुराने माश्या चिडणार नाहीत. भाऊही येतो म्हणालाय.